निरोगी गटातली आई

३ मार्च
निरोगी बाईच्या गालातल्या पेशींची वेसण सुटलेली का दिसावी?

पेशी मोकाट वाढायला लागली की तिला आवरणारे चिमुकले रेणू असतात – मायक्रोआरएनए. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत त्यातले काही जवळजवळ गप्प होतात. आम्ही अशाच एकाच्या मागे आहोत. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात तो भरपूर दिसायला हवा. पण आमच्या शिरोलीतल्या गल्लीच्या सहा बायकांत तो कमी. चौदा नंबरात तर गाठीइतका कमी!

चौदा नंबर म्हणजे आई. गालातून ब्रश फिरवून नमुना मीच घेतला. "लेक शिकली म्हून आईनं आ करून बसायचं व्हय गं?" म्हणाली होती.

४ मार्च
यंत्र पुन्हा चालवलं. तेच.

६ मार्च
सकाळी मोरीपाशी आई आणि शेजारच्या झुंबरकाकू मिश्री लावत बसलेल्या. बोटं काळी. रोजच बघते. आज हातातला चहा तसाच राहिला.

"काकू, तंबाखू खाता का विचारलं तेव्हा नाही म्हणालात की!"

"मग? खातोय व्हय आम्ही? ते गडी खात्यात. ही दातांची हाय."

भाजलेली तंबाखूच ती! प्रश्न माझ्या गाइडनी, विजयसिंह सरांनी ठरवला, विचारला मी. दोघांनाही मिश्री आठवली नाही. सरांचं सोडा – मी तर त्या वासात वाढले.

७ मार्च
आईला दारात उजेडाला बसवलं. डाव्या गालात पांढरा चट्टा. पुसून जात नाही.

"जेवताना झोंबतंय जरा. चटणीनं असंल."

डॉक्टरकडे चल म्हटलं. "तुझा पेपर येऊ दे, मग बघू." घरातली पहिली पदवीधर मी. छापलेल्या कागदावर पहिलं नाव माझं येणार, म्हणून तोंडातला चट्टा थांबेल! तिला असंच वाटतं.

१० मार्च
सरांना सगळं सांगितलं. हसले. "अगं, गावाकडच्या निम्म्या बायका मिश्री लावतात. त्या सगळ्या वगळून नवा निरोगी गट आणू कुठनं? हे सहाच नमुने वेगळे पडतात ना? काढून टाक. पेपर शुक्रवारी जाणार."

"सर, ते वेगळे पडतात म्हणूनच तर –"

"पूर्णिमा, हे संशोधन आहे, निदान नाही. नमुन्याला नाव नसतं."

नसतं! चौदा नंबर रोज सकाळी माझा डबा भरते.

१४ मार्च
पेपर गेला. आलेख काय देखणा – कॅन्सरवाले खाली, निरोगी वर, मधे कुणी नाही. सहा बायका पुसल्या की चित्र किती स्वच्छ होतं.

प्रवेशाच्या मुलाखतीत मी म्हणाले होते, "मला लोकांच्या उपयोगी पडायचंय." आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

दादांनी, माझ्या वडिलांनी, कामावर फौंड्रीत पेढे वाटले. छापून यायच्या आधीच! "पोरगीनं नाव काढलं," सगळ्यांना सांगत सुटलेत. आईनं पेढा उजव्या गालानं खाल्ला. तेवढं फक्त मीच पाहिलं.

१७ मार्च
नमुन्याचा निकाल कुणाला सांगायचा नाही, हा नियम मोडला. गल्लीतल्या सहाही जणींना बसवलं आणि कुणाच्या गालात काय दिसलं ते सांगितलं. हा आजार आहेच असं नव्हे, पण दाखवून घ्यायला हवं, असंही.

झुंबरकाकू कडाडल्या, "मग गालात बरश फिरवलास तवाच का न्हाय बोललीस?"

मी सगळ्यांना डेंटल कॉलेजात जायची तारीख सांगितली.

आई उठली. मिश्रीची डबी फळीवर उंच ठेवून आली.

२० मार्च
डेंटल कॉलेजच्या बाकावर. आई आत आहे, तपासायला चट्ट्याचा तुकडा काढतायत. उरलेल्या पाचजणी रांगेत. दादांनीच मालकाचा टेम्पो मागून सगळ्यांना आणलं. गाडी लावून आले आणि विचारलं, "आणि पेपरचं काय झालं गं?"

संपादकांना मेल कालच पाठवला. सहा नमुने वगळलेत, मिश्रीबद्दल कुणालाच विचारलेलं नाही, माझं नाव काढा. दादांना अजून सांगितलेलं नाही.