सुई घेतल्यावरची भाकर

इटारसी

प्रिय माय,

म्हणजे पुन्हा तेच! मी घर सोडून निघालो तवा तू म्हणाली होती, मले कोणाचं ऐकायची सवयच नाही. मग तू डॉक्टराचं काहून ऐकत नाहीस? रोज सकाळी तुले सुई द्यायले दवाखान्यातून येते त्या रज्जाकभाईचं कार्ड आलं. सारं लिहिलं त्यानं. सुई घेतली, भाकरी थापल्या, अन् बा रिसोडच्या बाजारातून येईस्तोवर चुलीपुढं उपाशी बसून राह्यली! अंगाले दरदरून घाम, हात थरथर, मग डोळे फिरले. शेजारच्या सुगराबीनं गालात गूळ चोळला म्हणून आज तुलेच पत्र लिहून राह्यलो.

अन् त्यावर घरात ठरलं काय? सुई वाईट, गूळ चांगला. सुई बंद! वा रे शहाणपण! पायाची जखम भरत नव्हती म्हणून अकोल्याले नेलं तुले. डॉक्टरानं काचेच्या नळीत निळं औषध घालून लघवी उकळली, ते विटेसारखं लाल झालं, म्हणजे लघवीत साखर, ते बानं डोळ्यानं पाह्यलं. सुईनं जखम सुकू लागली, तेही पाह्यलं. तरी सुईच वाईट?

मी इथल्या रेल्वेच्या डॉक्टराले विचारलं. मी इंजिनात कोळसा टाकणारा, तर त्यानं मले कोळशातच समजावलं. खाल्लेल्याची साखर होऊन रक्तात येते, तो कोळसा. अंग एक रस बनवते, इन्सुलिन, तो भट्टीचं दार उघडते. तुह्या अंगात रस आहे, पण दार गंजलं, त्याले दाद देत नाही. म्हणून रक्तात साखरेचा ढीग अन् हातापायात जोर नाही. सुईनं तोच रस वरून जास्तीचा मिळते, मग गंजलेलं दारही उघडते. आता दार उघडलं अन् मागून कोळसाच नाही टाकला, तर आग विझंल का नाही? सुई झाली की लगेच भाकर, वरण, भाजी. गूळ फक्त असं घाबरं झालं तर. एरवी त्याले हात लावू नको.

पण तू जेवशील कशी? लहानपणी तुले जेवताना मी पाह्यलंच नाही. आमची ताटं उठली की उरलेली करपट भाकर घेऊन तू भिंतीकडं तोंड करून बसायची. बाच्या आधी घास घेतला तर आभाळ पडते तुमचं!

तुले वाचता येत नाही, मले माहीत आहे. पत्र बाच वाचते, ओसरीवर बसून, मोठ्यानं, गल्लीले ऐकू जाईल असं. म्हणूनच बाले वेगळं नाही लिहिलं. त्याले लिहिलं असतं तर घडी करून कोनाड्यात टाकलं असतं. तर बा, आता थांबू नको, खाकरू नको. पुढची ओळ मायचं नाव घेऊन, भिंतीपलीकडं सुगराबीले ऐकू जाईल अशी वाच: गोजरा, उद्यापासून सुई घे, अन् माही वाट न पाहता आधी तू जेव.

वाचलं? आता पुन्हा एकदा वाच.

तुझाच रागीट,
जगदेव

सुईच्या औषधासाठी मनीऑर्डर केली आहे, अकरा रुपये.