कोलबाइनचा चिमटा

४ नोव्हेंबर
बुडालेल्या जहाजात बुड्या मारायला बेटावर पोचले. बोटीचा मालक ओद्वार धक्क्यावरच माझे हात दाबून म्हणाला, ऑस्लोकरांची बोटं लोण्याची, चार अंशांच्या पाण्यात काय कामाची! त्याची बायको तुरिल म्हणाली, ह्याच्या तोंडाला लागू नकोस, वॅफल खा. तपकिरी चीज लावून तीन खाल्ले. फार खूश आहे.

५ नोव्हेंबर
जहाज पंचावन्न मीटर खोल. आमची दोरी त्याला बांधलेली. आत शिरताना आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा दोरीला लावायचा, निघताना काढून आणायचा. ओद्वार तो फळीवरच्या आपापल्या खिळ्याला अडकवतो. आधी चिमटा, मग कॉफी. तुरिललाही सूट नाही.
खाली एक जुना चिमटा आहे, कोलबाइनचा. ओद्वारचा धाकटा भाऊ, सहा वर्षांपूर्वी आत गेला तो गेलाच. चिमटा लटकतोय तोवर माणूस आत आहे, आणि माणूस आत असताना दोरी कापत नाहीत. म्हणून ती सहा वर्षं तशीच आहे.

७ नोव्हेंबर
गाळ उठला, काही दिसेना. बधिर बोटांनी चाचपडत चिमटा ओढला आणि वर आले. ओद्वारने तो उलटून नाव वाचलं. कोलबाइनचा. माझा खालीच राहिला.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओद्वारने तो खिळ्याला अडकवला आणि कॉफी ओतली. कप बाकावरच्या रिकाम्या जागी ठेवला. मला दिली नाही. तुरिल म्हणाली, उद्या जाऊन तुझा आणू.

८ नोव्हेंबर
वारा. बोट निघाली नाही. शेगडीजवळ बसूनही हुडहुडी जात नाही. तुरिलने तीन ताटं मांडली. मी बसायला गेले तर खुर्ची ओली होती.

९ नोव्हेंबर
पुन्हा वारा. तुरिलला दोनदा हाक मारली. तिने उठून खिडकी लावली, म्हणाली, वारा काय घुमतोय. फळीवर माझा खिळा नाही.
पलीकडे ओद्वार कुणालातरी चिडवतोय. ते कुणीतरी हसतंय.

१० नोव्हेंबर, सकाळ
वारा पडला. चिमटा आणायलाच हवा. माझा बुडी मारायचा सूट खुंटीवर नाही—
बोट निघाली. खिडकीतून तिघं दिसतात. मधला माझ्या सुटात— काच बडवली. वळून त्यानेच पाहिलं.
ओद्वारने जहाजाला बांधलेली दोरी धरली. हातात सुरा—
नको. एक चिमटा अजून आहे, ओद्वार, मी अजून आत—