हरकत आली नाही

हेझल फोर्ड, केंटकी
बुधवार, ११ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप लुशियसदादा यांस धाकट्या ऑटोलीनचा साष्टांग नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी. डेट्रॉइटच्या कारखान्यात दिवसभर उभे राहणे त्याला मानवत नसणार. वहिनींना नमस्कार. तुमची लेक व्हर्डेल माझ्यापाशी खुशाल आहे, आणि रसायनशास्त्र शिकायचे म्हणून हटून बसली आहे. आमच्या काळ्यांच्या शाळेत (मी व्याकरण शिकवते तीच) रसायनांच्या सहा बाटल्या आहेत. चिठ्ठ्या सुवाच्य आहेत; आत काही नाही. आत जे असायला हवे, ते गोऱ्यांच्या शाळेत आहे.

आता विषय क्रमाने मांडते. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करा, आणि ‘विचारपूर्वक वेगाने’ करा, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. येथे ‘वेग’ हे नाम मुख्य, ‘विचारपूर्वक’ हे केवळ त्याचे विशेषण. आमच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष क्लोव्हिस बंटिन (खिळे-हातोड्यांचे दुकानदार) यांनी विशेषण ठेवून घेतले आणि नाम परत पाठवले. दोन वर्षे विचार चालू आहे. (ज्या डोक्यांत तो चालू आहे ती पाहता, दोन वर्षे फार नव्हेत.)

गावाशेजारच्या लष्करी छावणीने आपली शाळा केव्हाच एक केली. तेव्हापासून बंटिन न्हाव्याच्या खुर्चीत बसून ओरडत असत, “वॉशिंग्टन लष्कराच्या घशात गेलंय! उद्या हे जनरल आपल्याला दात घासायला शिकवतील!” मग गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मागणारे आमच्या मुलांचे अर्ज रखडवण्यासाठी त्यांनी कोणाला नेमावे? निवृत्त कर्नल टीग यांना! कागद रखडवावा तर लष्कराने, हा त्यांचा हिशेब.

कर्नलांनी एकेचाळीस पानांची नियमावली केली. मंडळाने ती न वाचता एकमताने संमत केली. तीत कलम एकोणीस असे: अर्जावर तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो मंजूर समजावा. व्हर्डेलचा अर्ज मंडळाकडे गेला. मंडळाला जे एकच काम उत्तम येते ते त्याने केले: अर्जावर बसून राहिले. एकतिसाव्या दिवशी आम्हा दोघींना बोलावणे आले. (खुर्च्या रिकाम्या होत्या, आम्हाला उभेच ठेवले.)

“कर्नल, हा काय चावटपणा?”

“कलम एकोणीस, बंटिनसाहेब.”

“अहो, पण आम्ही तर काहीच केलं नाही!”

“तेच म्हणतोय. काहीच केलं नाहीत, म्हणून मंजूर.”

“तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूचे?”

“कलम एकोणीसच्या.”

कर्नलांना आपला पुळका आहे असे समजू नका. माझ्याशी बोलताना त्यांनी टोपीदेखील काढली नाही. कलम उलटे असते, तर त्यांनी आम्हाला तितक्याच निष्ठेने हाकलले असते.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
ऑटोलीन

ता.क. एक राहिले. मुलीच्या वडिलांचे, म्हणजे तुमचे, संमतिपत्र, तीन प्रतींत, शुक्रवार २० तारखेपर्यंत पोहोचले नाही तर मंजुरी रद्द. “पोरीला त्या लोकांच्या तोंडी देऊ नकोस,” असे तुम्ही लिहिले होते. तुमची भीती खोटी नाही. तरी सही करावी.

ता.क. २. सही मीच करून टाकली आहे. तुमच्या नावातल्या पहिल्या अक्षराची शेपटी जरा लांबली. यापुढे तशीच काढत जावी. व्हर्डेल सोमवारपासून जाते. शाळेच्या पायरीवर एक बाई तिच्या बुटावर थुंकली. घरी येऊन बूट पुसता पुसता ती तासभर गंधकाच्या वासाविषयीच बोलत होती.

ता.क. ३. तुमची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. माझ्या मागच्या पत्राला तुम्ही अकरा महिन्यांनी उत्तर दिले होते, हे माझ्या लक्षात आहे.