अर्ध्या बिस्किटाची लढाई

६ जानेवारी
संकल्प लिहायला उशीर झाला. पहिले पाच दिवस समोरचीमुळे नासले, ते धरायचे नाहीत. आजपासून कुणाशीही भांडण नाही. राग आला की मनात आकडे मोजायचे. वीस वर्षं युद्धविरोधी कविता शिकवणारा मी, मुळात शांत माणूस. लोक शांत राहू देत नाहीत.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. यंदाचं वार्षिक व्याख्यान माझं! विषय : पहिल्या महायुद्धातल्या खंदकी लढाईची भीषणता युद्धविरोधी कविता कशी पोचवते. आमचे विभागप्रमुख महिनाअखेरीस निवृत्त होतायत. ती खुर्ची मला की समोरचीला, हे व्याख्यानावर ठरणार. प्राचार्य तसं बोलले नाहीत, नुसतं 'बघू' म्हणाले. पण त्यांचं 'बघू' मला कळतं. ही शेवटची संधी. पुढचा प्रमुख निवृत्त होईपर्यंत मीच निवृत्त झालेला असेन.

समोरची म्हणजे माझ्याच खोलीत समोरच्या टेबलावर बसणारी मॅडम. नऊ वर्षांनी ज्युनिअर. कानामागून आली आणि तिखट झाली. आमच्या दोन टेबलांमध्ये एक लोखंडी कपाट आहे. आज ते माझ्या हद्दीत वीतभर सरकलेलं दिसलं.

७ जानेवारी
लवकर जाऊन कपाट परत ढकललं. वर आणखी वीतभर, भरपाई म्हणून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा माझ्या अंगावर. शिपायाला फैलावर घेतलं. म्हणाला, झाडताना सरकतं. तिचा माणूस आहे.

रात्री व्याख्यानाचं दुसरं प्रकरण लिहिलं. वीतभर चिखलासाठी दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून राहिली, हजारो मेली, आणि रेघ काही हलली नाही. किती हा मूर्खपणा! परिच्छेद झकास उतरलाय.

उद्या कपाटाच्या पायाशी खडूनं रेघ मारून ठेवणे.

९ जानेवारी
व्याख्यानाचा कणा म्हणजे एक सोळा ओळींची कविता. दोन सैनिक खंदकात, गुडघाभर पाण्यात. एकजण बिस्कीट मोडून अर्धं मित्राला देतो. मित्र ते तोंडात घालायच्या आत गोळी लागून मरतो. पहिला त्याच्या मुठीतून ते अर्धं सोडवून घेतो आणि खातो. संपली कविता.

स्टाफरूममध्ये चारचौघांना समजावून सांगत होतो की अर्धं बिस्कीट म्हणजे दुभंगलेली संस्कृती. समोरची चहा पीत होती. कप खाली न ठेवताच म्हणाली, "सर, ते बिस्कीट आहे. त्याला भूक लागली होती."

एवढंच बोलून पेपर तपासायला लागली. तळपायाची आग मस्तकात गेली. आकडे मोजले. सत्तेचाळीसवर आल्यावर कळलं की मोठ्यानं मोजतोय.

भूक म्हणे! माझी पीएचडी त्या बिस्किटावर उभी आहे.

११ जानेवारी
घरी रंगीत तालीम. श्रोते : ही आणि कन्या. कन्या आमच्याच कॉलेजात आहे. पुढच्या वर्षी विशेष पेपर निवडायचाय, माझाच निवडणार, त्यात विचारायचं काय.

अनुप्रासातून तोफांचा आवाज कसा ऐकू येतो हे सांगत असताना हिनं विचारलं, अहो, गॅस बंद केला होता का? मी म्हटलं, हजारो माणसं विषारी वायूनं तडफडून मेली आणि तुला गॅसचं पडलंय! ही उठून स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. कन्या डोळे मिटून ऐकत होती. नंतर घोरली. घरात गाढवापुढे गीता वाचायची वेळ आलीये.

संकल्प : घरच्यांची मतं न घेणे.

१३ जानेवारी
कपाट खडूच्या रेघेवर चढलेलं. लेखी तक्रारअर्ज केला, तो तीन पानी झाला. प्राचार्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. म्हणाले, अहो, तुम्ही दोघं आपसात बघून घ्या ना. म्हणजे त्यांनी मला मोकळीक दिली.

समोरचीनं आज विचारलं, की कपाट मधून काढूनच टाकू या का, जागा होईल दोघांनाही. डाव लगेच ओळखला. स्वच्छ नकार दिला.

१८ जानेवारी, सकाळ
आज व्याख्यान. मजकूर बेचाळीस पानं, तळटिपा वेगळ्या. कविता मूळ वाचून दाखवायला वेळ उरत नाही, पण विश्लेषणातून ती आपोआप कळेलच. रेकॉर्डिंगसाठी फोन कन्येकडे दिला. तिला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय.

समोरची आत्ताच सभागृहाकडे गेली. अजून अर्धा तास आहे. खोलीत मी एकटा. अशी संधी पुन्हा यायची नाही.

१८ जानेवारी, दुपार
कोंडला गेलोय.

चूक माझी नाही. कपाट तिच्या टेबलापर्यंत सुरेख सरकलं होतं. मग त्याचा एक पाय मोडला, आणि ते तिरपं होऊन दारावर कोसळलं. दार आत उघडतं, म्हणजे आता उघडत नाही. दहा मिनिटं ओरडलो. शिपायासकट सगळे माझ्याच व्याख्यानाला जाऊन बसलेत.

आणखी काही मिनिटं गेली. कुणीतरी आलं, दार ढकललं, 'सर आत नाहीत' म्हणून निघून गेलं. त्या क्षणी मला नेमकी धूळ घशात जाऊन खोकला आला होता.

सभागृह अंगणापलीकडे आहे. आमची खिडकी उघडी, त्यांच्याही. माईकवरून प्राचार्यांचा आवाज आला, मग समोरचीचा. माझ्या जागी तिला उभं केलंय! काही मिनिटं बोलली, सावकाश, काहीतरी वाचल्यासारखं. मग बंद. टाळी नाही, काही नाही. सपशेल पडली. गजांना धरून मी एकटाच हसलो.

शांतता मात्र फार लांबली.

सकाळपासून पोटात अन्न नाही. तिच्या खणात बिस्किटांचा पुडा होता. खाल्ला. यात प्रतीकबितीक काही नाही, भूक लागली होती.

१८ जानेवारी, संध्याकाळ
सुतारानं दार उतरवून मला बाहेर काढलं. बघायला बरीच गर्दी होती. समोरचीनं पाण्याची बाटली पुढे केली. घेतली नाही. तहान लागली होती, पण घेतली नाही.

घरी जेवताना कन्या भात नुसता चिवडत होती. मी म्हटलं, काय गं, पडली ना मॅडम? तिनं मान वर केली.

"बाबा, मॅडमनी फक्त ती कविता वाचली. दोनदा. आणि त्या दोघांची वयं सांगितली. ते दोघं माझ्याएवढे होते, बाबा. तुम्ही कधी सांगितलंच नाही."

सांगितलंय! पान एकतीस, तळटीप सहा. मी पान काढून दाखवलं. तिनं पाहिलं नाही. ही मला म्हणाली, आता पुरे.

२० जानेवारी
फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, समोरचीच्या चुका काढायला. वाचनात चढउतार नाहीत. अभिनय शून्य. बिस्कीट हा शब्द तर किराणा सांगावा तसा उच्चारलाय. शेवटी नुसती शांतता, आणि तिच्यात फोनजवळ कुणीतरी मुसमुसतंय. फोन कन्येच्या हातात होता. तिला सर्दी झाली असावी.

समीक्षा लिहून प्राचार्यांना देणे. नको. बघू.

२८ जानेवारी
समोरची विभागप्रमुख. तिला स्वतंत्र केबिन.

सामान हलवताना माझ्याशी नीट बोलली, कपाट कुठे हवं ते विचारून शिपायाला सांगून गेली. अख्खी खोली आता माझी. दोन्ही टेबलं, खिडकी, पंखा, सगळं. एवढी वर्षं जे मागत होतो ते नाकावर टिच्चून मिळवलं. शिपायाकडून कपाट चार ठिकाणी ठेवून पाहिलं. कुठेही ठेवलं तरी कुणी काही म्हणत नाही. दुपारी करायला काही उरलं नाही.

३० जानेवारी
कन्येनं विशेष पेपर मॅडमचा घ्यायचं ठरवलंय. हिला आधीपासून माहीत होतं. घरातच फितुरी! वाटेल ते बोललो. आकडे मोजायचं लक्षातच राहिलं नाही. कन्या रडली नाही की उलटून बोलली नाही. म्हणाली, "बाबा, ती कविता मला एकदा नुसती वाचून दाखवा. मग ठरवते."

एवढंच ना! सोळा ओळी. वीस वर्षं तोंडपाठ. तिला समोर बसवलं. ती खरंच बसली, हातातला मोबाईल बाजूला ठेवून, माझ्याकडे बघत. सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी देणं भाग होतं. खंदकांची रचना, कवीची पिढी, मग छंदाचा प्रश्न, मग बिस्किटाबद्दलचे गैरसमज. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि तिच्या खोलीचं दार लागलेलं.

पार्श्वभूमी उत्तम झाली. कविता तेवढी राहिली.