बहात्तर चौकटींचा चहा

२ मार्च
आमच्या चहा उत्पादक संघाच्या ऑनलाइन वर्गाचं काम माझ्याकडे आलं. विषय: ऊलाँग चहाची पानं सुपात केव्हा आणि किती हलवायची. संचालिका त्सेंगबाई म्हणाल्या, आधी स्टोरीबोर्ड हवा. बारा चौकटी. प्रत्येकीत तीन रकाने: दृश्य, बोलणं, शिकणारा काय करील. मुदत वीस तारीख, नाहीतर काम तैपेईच्या कंपनीला. पानं हलवण्यात मुरलेले आमचे शिए काका या हंगामानंतर मुलाकडे काओशुंगला जाणार. त्यांचे हात गेले की ही विद्याही गेली. ती वर्गात उतरवीन असा त्यांना शब्द दिलाय.
संकल्प: रोज दोन चौकटी. सहा दिवसांत काम फत्ते.

५ मार्च
चौकट पहिली: पहाटेचा डोंगर. धुकं जमेना. पाच कागद गेले. घाई करणाऱ्याला धुकं दिसत नाही. (हे वाक्य वर्गात घ्यावं.)

९ मार्च
अकरा चौकटी झाल्या. पणजोबांनी पहिलं रोप लावलं, तिथवर आलोय. बारात बसणार नाही. चोवीस करतो. बायको, शू-फन, म्हणाली, "अहो, पान कधी येणार?" म्हटलं, आधी पाया. म्हणाली, "पाया म्हणता म्हणता तळघर खणलंत." बायकांना रचना कळत नाही.

१३ मार्च
एक्केचाळीस. भिंत संपली, आता चौकटी फ्रिजवर. अंडी काढायची तर शू-फनला 'पावसाचे उपकार' ही चौकट उचलावी लागते.
तिसरा रकाना सगळीकडे कोरा आहे. शेवटी एकदम भरू. शिकणारा ऐकेल, दुसरं काय करणार? गावच्या शाळेत आम्ही तेच केलं.

१७ मार्च
काकांना घरी बोलावून सगळं दाखवलं. चाळिसाव्या चौकटीला त्यांनी डोळे मिटले. तल्लीन झाले. थोडे घोरलेही. मग म्हणाले, "छान. यात माझे हात कुठं आहेत रे?" म्हटलं, शेवटच्या, बहात्तराव्या चौकटीत. म्हणाले, "तोवर जगलो तर हाक मार."
थट्टेखोर माणूस. आवडलं असणार.

१९ मार्च, सकाळी
भूमिदेवाच्या देवळात. उदबत्ती लावली, संत्री ठेवली, विचारलं: देवा, उद्या दाखवू ना? लाकडी चंद्रकोरी टाकल्या. होकाराला एक उताणी, एक उपडी पडायला हवी. दोन्ही उताण्या. म्हणजे देव हसले! पुन्हा टाकल्या. पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही. दिव्यापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाबा, नीट विचार करून परत ये म्हणताहेत." आजींचं आता वय झालं.
इतके प्रसन्न देव मी कधी पाहिले नव्हते.

२० मार्च
त्सेंगबाई घरी आल्या, काकाही आले. विसाव्या चौकटीला बाई पाणी प्यायल्या. तिसाव्याला विचारलं, "ल्याओ दादा, शिकणारा काय करतो?" म्हटलं, ऐकतो. "बहात्तर चौकटी?" त्या तैपेईचा नंबर शोधू लागल्या.
तेवढ्यात काकांनी आतून पानांची दोन सुपं आणून त्यांच्यासमोर ठेवली. "पानांच्या कडा बघा. कुठलं अजून हलवायचं?" बाईंनी डावीकडचं दाखवलं. "झालं! सगळा चहा कडू. आता सासूला काय पाजाल?" बाई हसून वाकल्या, पुन्हा पाहिलं, उजवीकडचं म्हणाल्या. "आत्ता कसं!"
बाईंनी फोन खाली ठेवला, हाताशी आलेला कागद उलटा केला आणि सहा चौकटी काढल्या. दोन सुपं, काकांचे हात, 'तुम्ही कुठलं निवडाल?' पाव तास लागला. काम आमच्याकडेच राहिलं.
कागद माझा होता. पाठीमागे धुकं.

२१ मार्च
देवळात गेलो. एकच प्रश्न विचारला: देवा, परवा तुम्ही मला हसलात का?
एक उताणी, एक उपडी.
रीतीप्रमाणे आणखी दोनदा टाकल्या. तिन्ही वेळा होकार.