किल्ली शेजारच्या घरी

९ ऑक्टोबर २०१७, सोमवार

नाही घेत रजा! पुंडलिकराव आमच्या संस्थेचे प्रमुख असतील, माझ्या झोपेचे नाहीत. "सत्यशीलाताई, आरशात पाहा जरा. आठ दिवस घरी बसा." घरी बसून काय भिंतीचे पोपडे मोजू? बाभुळगावकडच्या गावांत फवारणीला जाणारी बावीस पोरं माझ्या समुपदेशनाच्या यादीत आहेत. या हंगामात विषबाधेनं कोणाचा भाऊ गेला, कोणाचा मित्र. त्यांना काय सांगू – मॅडम थकल्या, तुम्ही जरा दम धरा?

वर त्या नागपूरच्या प्रशिक्षणवाल्या बाई! फळ्यावर लिहिलं – दुय्यम आघात. म्हणजे दुसऱ्याचं ऐकून ऐकून आपल्यालाच लागतं. झोप जाते, नसलेले वास येतात, चिडचिड होते. मी म्हटलं, चिडचिड तर मी जन्मले तेव्हापासून आहे. सगळे हसले, मीही हसले. वासाचं मात्र बोलले नाही.

११ ऑक्टोबर

अक्षयकडे गेले होते. सतरा वर्षांचा पोरगा. महिन्यापूर्वी तो आणि त्याचा दोस्त पियूष रोजानं फवारायला गेले. पंप अक्षयनं भरला, पियूषच्या पाठीवरही यानंच चढवून दिला. पियूष चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला.

"मॅडम, पंप मीच भरून देल्ला होता. काहून भरला मी?" पाऊण तासात एवढंच. सात वेळा.

आमचा नियम आहे. फवारणीचं उरलेलं औषध कुलपात ठेवायचं आणि किल्ली शेजारच्या घरी द्यायची. मनात काही बरंवाईट आलंच तर शेजारचं दार ठोठावावं लागते, कोणीतरी विचारते, तेवढ्यात वेळ निघून जाते. गावोगाव हेच घसा फोडून सांगते मी. आणि ज्या घरात पोरगा असा गप्प झालेला असतो, तिथून तर डबे मी घेऊनच येते. अक्षयच्या आईनं, रामीबाईनं, दोन डबे पिशवीत घालून दिले. "घेऊन जा बाई, डोयापुढं नको."

संस्थेत ठेवायला जागा नाही. कृषी खात्याच्या कचेरीत विचारलं तर म्हणे, अर्ज करा. म्हणून यवतमाळला लागून लोहाऱ्याला माझ्या खोलीतच, लोखंडी कपाटात. कुलूप माझं, किल्ली माझ्याच गळ्यात. माझ्याइतकं भरवशाचं दुसरं आहे कोण!

१२ ऑक्टोबर

हाताला वास. तीनदा साबण, मग लिंबू, मग राख. वरण-भात तसाच राहिला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

बसस्टँडवर पाठीला पंप लावलेला माणूस दिसला आणि मला रडूच फुटलं. चार लोकांत! लाज वाटली. कंडक्टरनं पाण्याची बाटली पुढं केली, तर त्याच्यावरच खेकसले.

घरी आले. कपाट उघडलं. अकरा डबे.

तेवढ्यात घरमालकीण विमलताई दारात. रिटायर नर्स आहेत, सगळ्या गल्लीची नाडी पाहतात. "काय करून राह्यली वं? जेवली का?" म्हटलं, जेवले. साफ खोटं. त्यांनी भाकर-बेसन आणून पुढ्यात ठेवलं आणि तिथंच बसल्या. तासभर! जावयाची, सुनेची, सांधेदुखीची, सगळी पुराणं सांगितली. माणसाला एकटं बसायचीही चोरी झाली या घरात.

१९ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. भाऊ दिग्रसला बोलावून राह्यला. नाही गेले. विमलताई आता रोजच भाकर घेऊन टपकतात. कायले पाहिजे एवढी माया?

२३ ऑक्टोबर

रामीबाईच्या वावरात सीतादही होतं. पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीची पूजा करतात, दही-भात शिंपडतात, मगच कापसाला हात लावतात. मला म्हणाल्या, तुम्ही याच! अक्षय महिन्याभरात पहिल्यांदा वावरात आला होता. धुऱ्यावर, वावराच्या कडेलाच बसला, पण आला.

दही-भात माझ्या हातावर ठेवला. खाऊ शकले नाही. हात तसाच धरून उभी राहिले, येड्यासारखी. अक्षय पाहत होता.

"मॅडम, तुमच्याबी हाताले वास येते का?"

नाही रे, असंच म्हणणार होते. तोंडातून निघालं, "येते."

"मले वाटलं मलेच येते." मग त्यानं माझ्या हातावरचा घास उचलला आणि खाल्ला. "पाहा. दह्याचा तर आहे." आणि हसला! खरंच हसला! रामीबाई पदर डोळ्याला लावून तिकडं वळल्या.

मग विचारते कसा, "आमचे डबे कुठं आहेत?"

"माझ्याकडे. कुलपात."

"अन् किल्ली?"

मी गळ्यातला दोरा ओढून दाखवला.

"शेजारी नाही देल्ली?"

"अरे, मी समुपदेशक आहे."

"मंग?"

एसटीत बसले तरी राग जाईना. कालचं पोट्टं मला माझाच नियम शिकवते! बाभुळगाव ते यवतमाळ मनातल्या मनात त्याच्याशी भांडले.

२४ ऑक्टोबर

सकाळी किल्ली विमलताईंच्या हातात ठेवली. "कायची वं?" सगळं सांगितलं. हेही सांगितलं की चौदा तारखेला कपाट उघडलं तेव्हा आत ठेवायला माझ्याजवळ नवा डबा नव्हता. एका डब्याचं झाकण मी काढलं होतं. तेवढ्यात त्यांनी दारातून विचारलं, जेवली का.

त्यांनी किल्ली कनवटीला खोचली. म्हणाल्या, "तुवं तोंड पाहूनच म्हटलं होतं मी, इथून उठाचं नाही."

उद्या डॉक्टरकडे त्या सोबत येणार. पुंडलिकरावांनाही फोन करून सांगितलं; डबे ते आजच गाडी पाठवून नेतात, कचेरीतला अर्जही तेच करणार. रजा आठ दिवस. आठच! दोन तारखेला मी अक्षयकडे जाणार, हे दोघांनाही बजावून ठेवलं आहे.