सातपैकी पाच

प्रिय जयसिंग,

बावीस वर्षांनी आलेलं पत्र माणूस आधी उजेडाला धरून बघतो, कोणी गेलं की काय म्हणून. कोणी गेलेलं नाही. निदान आज गुरुवारी दुपारी दीड वाजेपर्यंत तरी नाही. पत्र घरी न पाठवता विट्याला तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, यावरून काय ते ओळख आणि समोर गिऱ्हाईक उभं असेल तर आधी त्याला वाटेला लाव.

माझं म्हणशील तर अजून चाकणला त्याच कंपनीत आहे. डोक्यावरचं गेलं, पोटावर आलं आणि हुद्दा वाढला. आता मी फायनल इन्स्पेक्शनचा प्रमुख. माझ्या शब्दाशिवाय साधी ब्रॅकेटसुद्धा गेटबाहेर जात नाही. पास मालाला हिरवा ठिपका, नापास मालाला लाल फुली, आणि मग तो लाल पेटीत. लग्न केलं नाही. आईचं करायला कोणी नाही, हे कारण आई होती तोवर चाललं. ती गेल्यावर लोकांनीच 'साहेब वाचनात रमतात' असं नवं कारण शोधून दिलं. लोक दयाळू असतात रे, त्यांना फक्त एखादं कारण लागतं. मारुंजीच्या आपल्या घरमालकीण कुसुमताई आठवतात? तेव्हा मारुंजीत आयटीवाले नव्हते, ज्वारी होती. आपल्या खोलीकडे बोट दाखवून त्या अख्ख्या आळीला सांगायच्या, "लई गुणाची हायती दोघं, पोरीबाळींकडं मान वर करून बघत न्हाईत." इतकं चांगलं प्रमाणपत्र मला पुन्हा कोणी दिलं नाही.

लोकांना हसवायची माझी खोड तुला ठाऊक आहे. दर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की कॅन्टीनमध्ये माझा एक फार्स ठरलेला. चार वर्षांपूर्वी मी 'नवरदेवाचं फायनल इन्स्पेक्शन' लिहिला. मुलीचा बाप होणारा जावई आमच्याकडे तपासायला पाठवतो, माल 'तसला' तर निघणार नाही ना म्हणून. मी भिंग घेऊन इन्स्पेक्टर. प्रेस शॉपचा लीडर हिंदुराव, गलमिशा आणि ढोलासारखी छाती, तो नवरदेव. हातात सात मुद्द्यांचं चेकशीट. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो का? रुमालाची चौपदरी घडी घालतो का? कोथिंबिरीची जुडी घेण्याआधी नाकाशी नेतो का? हसताना तोंडावर तळवा ठेवतो का? चालताना टाचा उचलतो का? असे सात, आणि तीनच्या वर निघाले की लाल फुली. कॅन्टीन कोसळायचं बाकी होतं. एचआरचे साहेब हसून हसून डोळे पुसत होते. तेच साहेब दर जूनमध्ये समलिंगींना पाठिंबा म्हणून कंपनीचं बोधचिन्ह सप्तरंगी करून फेसबुकवर टाकतात. हिंदुरावानं ते चेकशीट लॅमिनेट करून पाण्याच्या कूलरपाशी टांगलं. व्हिडिओ भोसरी, तळेगावपर्यंत फिरला. अनोळखी कामगार मला बसथांब्यावर दाद द्यायचे, "साहेब, आमच्या लाइनवर एक सापडला, सातपैकी चार!" मी हसायचो. लेखकाला वाचक मिळाले की तो वाचकांची पारख करत नाही.

गेल्या रविवारी संत तुकाराम नगरातून मोर्चा निघणार होता. समलिंगी लोकांचा, हक्कांसाठी. कायद्यानं २०१८ सालीच त्यांना गुन्हेगारांतून काढलं, पण कायदा आमच्या कॅन्टीनला जेवायला येत नाही. मी दाताच्या डॉक्टरचं निमित्त सांगून रजा टाकली आणि गेलो. माझा हिशेब पक्का होता. आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, रविवारी सगळे मशीनवर. मोर्चा तीनला. पहिली पाळी सुटून कंपनीची बस पिंपरीत येईपर्यंत पावणेपाच. तोवर सगळं उरकलेलं असेल, आपल्याला ओळखणारं कुत्रंही भेटणार नाही. पण क्रांती करणाऱ्यांना वेळ पाळता येत नाही. लाउडस्पीकरची परवानगी आली नाही म्हणून मोर्चा दीड तास रखडला. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये माल मोजणारा मी दीड तासानं चुकलो.

बस मोर्चाच्या मागे अडकली. आधी हॉर्न, मग शिव्या, मग दारातून गणवेशातली तीसेक माणसं खाली. पहिल्या मिनिटात फलक फाटले. डफ वाजवणाऱ्या एकाच्या डफातून बूट आरपार गेला आणि त्याच बुटानं त्याच्या बरगड्या शोधल्या. एका पांढऱ्या केसांच्या बाईला केसांनी धरून दुभाजकावर आपटलं, ती कोणाची तरी आई म्हणून मोर्चात आली होती. मोर्चेवाले गल्ल्यांत पांगले, बघ्यांत मिसळले, आणि तिथं या शूरांची पंचाईत झाली. कोण तसलं आणि कोण भाजीला आलेलं, कळेना. सगळे एकसारखेच दिसत होते. हे त्यांना थांबवायला पुरेसं असायला हवं होतं. पण तेवढ्यात हिंदुराव ओरडला, "आरं, चेकशीट हाय की!"

सगळ्यांना पाठ होतं, जयसिंग. माझी वाक्यं, माझ्याच पॉझसकट. लोकांना कॉलर धरून चहाच्या टपरीपुढे चालायला लावत होते. "टाच बघ, टाच!" "हसून दाखव ए!" खिशातले मार्कर बाहेर आले. पास होईल त्याच्या मनगटावर हिरवा ठिपका, नापासाच्या कपाळावर लाल फुली आणि मग लाथा. माझ्यापाशी आल्यावर हिंदुराव दचकला, मग खूश झाला. "साहेब! तुमी हितं कसं काय?" मी म्हणालो, "भाजीला." माझ्या शर्टाच्या खिशात सप्तरंगी फीत होती, दोन बोटं लांब. आठवडाभर आधी विकत घेतलेली आणि तोवर लावायचा धीर न झालेली. त्यानं स्वतः माझ्या मनगटावर हिरवा ठिपका काढला. "साहेब ओके हायती, सोडा रं."

टपरीवर ज्ञानेश उभा होता. आमच्याच टूलरूमचा, लातूरकडचा, ग्राइंडिंगवर अकरा वर्षं. त्या मशीनच्या थरथरीनं बोटं बधिर होतात, म्हणून तो ग्लास दोन्ही हातांनी धरतो. टूलरूममध्ये हे पोरासोरांना ठाऊक आहे. बायकोनं कोथिंबीर आणायला पाठवलं होतं, शिळी आणली की ती बोलते, म्हणून पिशवीतली जुडी काढून हातात दिली तशी ती सवयीनं नाकाशी गेली. टाचेला भेग पडली होती, म्हणून पाय उचलून टाकत होता. घाबरून हसला, तर तोंडावर हात गेला. रुमाल काढून घाम पुसला, त्याची घडी चौपदरी होती. सातपैकी पाच. "अरे, मी आपल्याच बसचा हाव, आज सुट्टी घेतली हुती," तो म्हणत होता. मग मी दिसलो. "साहेब, सांगा की हो ह्या लोकायला!"

हिंदुराव माझ्याकडे वळला, अगदी अदबीनं, माल गाडीत चढवण्याआधी विचारतो तसं. "काय करायचं, साहेब?" एका शब्दाचं काम होतं. 'ओके' म्हणालो असतो तर त्यांनी हात खाली घेतले असते, एकवीस वर्षांची सवय आहे त्यांना. पण मग कोणी विचारलं असतं, तुमाला कसं माहीत? मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. बसमधली टामी आणली, चाकाचे नट सोडवायची. पहिला घाव जबड्यावर बसला, लाकूड फाटावं तसा आवाज झाला. तो खाली पडला तरी ग्लास सोडेना. मग कोणीतरी त्या हातावर बूट दिला आणि फुटलेल्या काचेसकट तो हात त्याच्याच तोंडावर दाबला. रक्त, चहा आणि कोथिंबीर. मी भाजीच्या गाड्यामागे होतो. त्याच्यावर आडवी पडली ती मोर्चातली एक पोरगी, मिनल नाव तिचं. पाठीवर टामीचे दोन घाव घेतले तिनं आणि अंगावरचा सप्तरंगी झेंडा सोडून त्याच्या डोळ्यावर बांधला. मला ठिपका होता, मला कोणी हात लावला नाही.

उजवा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय. ग्राइंडिंगवाल्याचा डोळा गेला म्हणजे काय गेलं, तुला सांगायला नको. आणि गंमत बघ, चार दिवस अख्खी पिंपरी एकच हळहळ करतेय, "बिचारा, तो तसला नव्हताच हो!" म्हणजे असता तर हिशेब चोख होता. परवा दवाखान्याच्या जिन्यात त्याची बायको स्वप्नाली माझ्या पाया पडली. "साहेब, तुमचा शब्द लोक मानतात. दोन पोरी हायत मला. तेवढं सगळ्यायला सांगा, हे तसले नव्हते म्हणून." माझ्याच चेकशीटवर तिला माझ्याकडून हिरवा ठिपका हवा होता. आणि आत तो एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नाही, पण 'तुम्ही बघा' त्यानंही ऐकलंय.

उद्या अकराला माझा जबाब आहे. ज्ञानेशचा जबडा बांधलेला, मोर्चेवाले कोणाला नावानं ओळखत नाहीत. हिंदुरावाचं नाव घेणारा दुसरा कोणी नाही, तीस जण म्हणतात आम्ही बसमधून उतरलोच नाही. पोलिसांनी समजावलं, "तुम्ही तिथं कशाला होता, हे वकील विचारणार. भाजीला गेलो होतो म्हणा, सोपं पडेल." नाही म्हणणार. फीत दाखवणार. ते शोधत होते तो मीच, आणि मलाच त्यांनी पास केलं, हेही सांगणार. मग विचारतील, चेकशीट कोणाचं? माझं. आणि हे सात मुद्दे सुचले कुठून? इथं मी गप्प बसेन, जयसिंग. पण तुला माहीत आहे. मारुंजीतल्या तीन वर्षांत मी दुसरं काहीच बघितलं नव्हतं. तू टाचा उचलून यायचास, कोथिंबीर नाकाशी धरून भाजीवालीशी भांडायचास, हसलास की तोंडावर तळवा. तू गेल्यावर हे कुठं ठेवावं कळेना, म्हणून त्याचा विनोद केला आणि चारशे माणसांना पाठ करायला दिला. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण कुसुमताई अजून आहेत, त्यांना अजून सगळं आठवतं आणि लोकांना बेरीज येते. तुझ्या लेकीचं, स्वरूपाचं, लग्न ठरतंय असं कळलं. म्हणून हे बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहितोय. बायकोला, विजयश्रीला, काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. मी कोणाला ठरवून द्यायचे दिवस संपले. थोडे दिवस दुकानात लोकांसमोर चहा एका हातानं पी, असं लिहायला बसलो होतो.

नाही लिहीत.

बावीस वर्षं न लिहिलेलं लिहून थांबतो,
तुझाच,
नंदकिशोर